वाळूवरची बिऱ्हाडं

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'नदी' हा विषय कळवला, तेव्हा मी वर्षातला मोठा काळ न वाहणारी नदी निवडली. साताऱ्याच्या माण तालुक्यात, कुळकजाईजवळच्या सीताबाईच्या डोंगरात माणगंगा उगम पावते. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असा दुष्काळी मुलूख ओलांडून ती सरकोलीजवळ भीमेला मिळते. हा सगळा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. बराचसा परतीच्या पावसात चार दणक्यांत पडून मोकळा होणारा. नदीला पूर येतो आणि ओसरतो, दिवाळीनंतर धार बारीक होत जाते. माघ उजाडेपर्यंत पात्रात वाळू, गोटे, लव्हाळ्याची बेटं आणि इथंतिथं एखादा डोह एवढंच उरतं.

पुलावरून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून पाहिलं तर खाली काहीच नसतं. 'नदी मेली' असं लोक म्हणतात ते अशाच वेळी. पण नदी आटली म्हणून तिच्यातला जीव आटत नाही. पाणी गेलं की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी वस्ती येते, अंडी घालते, पिल्लं वाढवते आणि मृगाच्या आत बिऱ्हाड आवरते. ही वस्ती पाहायला मी माघापासून वैशाखापर्यंत माणगंगेच्या पात्रात हिंडलो. घरट्यांच्या आणि बिळांच्या नेमक्या जागा या लेखात मुद्दामच दिलेल्या नाहीत.

या मुलखात प्राण्यांकडे बघायला शिकवणारा मोठा माणूस होऊन गेला आहे. 'बनगरवाडी' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर इथलेच, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. वानरांच्या टोळीवर 'सत्तांतर' लिहिण्याची नजर त्यांना याच माळांनी आणि ओढ्यांनी दिली, असं मला पात्रात उतरल्यावर प्रकर्षानं वाटलं. इथं आडोसा कमी. जनावर दिसतं ते लांबून दिसतं, आणि त्यालाही आपण तितक्याच लांबून दिसतो. त्यामुळे बसून राहणं आणि खुणा वाचणं हे इथल्या निरीक्षणाचे खरे मार्ग.

पावलांची वही

पक्षी दिवसा दिसतात. सस्तन प्राण्यांचं तसं नाही. ससा, खोकड, कोल्हा, साळिंदर, रानमांजर, उदमांजर, नाना जातींचे उंदीर, या सगळ्यांचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो. मुंगूस तेवढं उन्हात हिंडतं. बाकीच्यांना भेटायचं तर पहाटे वाळूत उतरायचं.

त्यासाठी साधी पद्धत आहे. संध्याकाळी पात्रातला मऊ, बारीक वाळूचा पट्टा निवडायचा. निरगुडीची फांदी मोडून वाळू सपाट करायची आणि निघून जायचं. सकाळी सूर्य वर यायच्या आत परत यायचं. ऊन तिरपं असतं तोवर प्रत्येक ठशाला सावली असते आणि ठसा उठून दिसतो. नऊ वाजले की तोच ठसा सपाट वाटू लागतो. वारा सुटला तर तेवढाही वेळ मिळत नाही.

सशाचा माग सगळ्यांत सोपा. पुढच्या पायांचे दोन बारके ठसे एकामागे एक, आणि त्यांच्याही पुढे मागच्या पायांचे दोन लांबट ठसे शेजारी-शेजारी. पळताना ससा मागचे पाय पुढच्यांच्या पलीकडे टाकतो म्हणून असं उमटतं. आपल्याकडचा हा काळ्या मानेचा ससा बीळ करत नाही. गवतात अंगापुरती जागा दाबून दिवसभर तिथंच पडून राहतो. मांजरकुळाचा ठसा गोल आणि बिननखांचा, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. खोकड, कोल्हा, कुत्रा या तिघांच्या ठशांत चार बोटं आणि पुढे नखांचे टोचे. मुंगसाच्या ठशाला पाच बोटं आणि लांब नखं. साळिंदर चालून गेलं की रुंद तळव्याच्या ठशांबरोबर काट्यांनी ओढलेल्या बारीक रेघाही वाळूत राहतात. घोरपडीची ओळख ठशांपेक्षा मधोमध घासत गेलेल्या शेपटीच्या नागमोडी रेघेवरून पटते.

पुस्तकातून एवढं कळतं. त्यापुढचं मला पात्रात मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगर आजोबांनी दाखवलं. मी ज्या ठशांवर वाकलो होतो, त्यांच्याकडे त्यांनी काठीनं बोट केलं. "ह्यो कोल्हा न्हवं पाव्हणं, खोकड हाय. कोल्ह्याचा पाय ह्येच्यापरास थोर. आन् ह्यो एकला न्हाय. ही बघा, दुसरी मागनं आलीया, पार त्या झुडपापातुर." खरोखरच दोन माग एकमेकांना धरून गेले होते. काही ठिकाणी दोन्ही थांबले होते, वाळू उकरलेली होती आणि भोवती वाळव्यांच्या घराची माती पसरली होती.

खोकड हा आपल्या माळरानाचा अस्सल रहिवासी. कोल्ह्याहून लहान, अंगानं सडसडीत, शेपटीचं टोक काळं. तो नर-मादीच्या जोडीनं राहतो. उघड्या जमिनीत किंवा बांधाच्या पोटात अनेक तोंडांचं बीळ करतो आणि साधारण फाल्गुन-चैत्रात तिथं पिल्लं बाहेर खेळताना दिसतात. वाळवी, नाकतोडे, भुंगेरे, उंदीर, बोरं, जे मिळेल ते खातो. त्याच्या वाळलेल्या विष्ठेत बोरांच्या बिया आणि किड्यांचे चकचकीत पंख एकत्र सापडतात. नदीचं कोरडं पात्र त्याला दोन अर्थांनी सोयीचं आहे: शिकार मिळते, आणि शेतं, रस्ते, वस्त्या यांच्यामधून न दिसता लांबवर जायला वाट मिळते. आज दोन्ही थडींना डाळिंबाच्या आणि उसाच्या कुंपणांची रांग लागली आहे. अशा मुलखात कोरडी नदी हाच प्राण्यांचा हमरस्ता उरला आहे.

दरडीच्या पोटात

पुरानं कापलेला उभा मातीचा काठ म्हणजे दरड. माणसाच्या लेखी ती खचणारी, धोक्याची जागा. पक्ष्यांच्या लेखी ती पात्रातली सर्वांत मोलाची जागा आहे, कारण उभ्या भिंतीवर साप सहजी चढत नाही आणि मुंगसाला पाय रोवता येत नाहीत.

वेडा राघू फेब्रुवारीपासून इथं बीळ खणायला लागतो. चोचीनं माती सैल करायची, पायांनी मागे उडवायची. नर-मादी आळीपाळीनं हे काम करतात. बोगदा हातभर लांब, कधी त्याहूनही खोल, आणि शेवटी अंड्यांपुरती खोली. बिळाच्या समोरच्या वाळलेल्या काटकीवर बसून तो गांधीलमाशी पकडतो, फांदीवर आपटून तिचा काटा निकामी करतो आणि मगच गिळतो किंवा बिळात नेतो.

या पक्ष्याविषयी पुण्यात एक सुंदर संशोधन झालं. डॉ. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली ते प्रसिद्ध केलं. घरट्याजवळ माणूस उभा असेल तर वेडा राघू आत शिरायचं टाळतो, हे कुणीही पाहू शकतं. या मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला: माणूस तेवढ्याच अंतरावर आहे, पण त्याला तिथून बिळाचं तोंड दिसत नाही, तेव्हा पक्षी काय करतो? उत्तर असं मिळालं की माणसाला बीळ दिसण्याजोगं असेल तर राघू जास्त कचरतो आणि दिसत नसेल तर तुलनेनं निर्धास्त आत जातो. म्हणजे 'याला काय दिसतं आहे' याचा अंदाज त्याला घेता येतो. मी दरडीसमोर बाभळीच्या खोडाला टेकून बसायचो, तेव्हा चोचीत माशी धरून काटकीवर खोळंबलेला राघू माझ्याकडे पाहत असायचा. मी खोडामागे सरकलो की थोड्या वेळानं तो आत जायचा. हे संशोधन माहीत असल्यामुळे त्या खोळंब्याची किंमत मला कळत होती. पिल्लांचा घास माझ्यामुळे थांबला होता. बिळासमोर ठाण मांडून फोटो काढणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

त्याच दरडीत थोडं वर खंड्याचं बीळ. पांढऱ्या छातीचा हा खंड्या माशांवाचून अडून राहत नाही. सरडे, टोळ, बेडूक, उंदराची पिल्लं यांच्यावर त्याचं भागतं, म्हणून पाणी आटल्यावरही तो नदी सोडत नाही. कवड्या खंड्याचं तसं नाही. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबायचं आणि पाण्यात सूर मारायचा, ही त्याची पद्धत. डोह संपला की तो दुसरीकडे जातो. दोघं खंड्येच, पण कोरडी नदी एकाची राहते आणि दुसऱ्याची राहत नाही.

दरडीच्या वरच्या अंगाला, पावसाच्या पाण्यानं कोरलेल्या कपारीत शृंगी घुबड राहतं. डोक्यावर पिसांचे दोन शेंडे, केशरी डोळे, आणि संध्याकाळी काठ भरून टाकणारा खोल घुमारा. त्याच्या बैठकीखाली राखाडी रंगाचे गोळे पडलेले असतात. घुबड उंदीर जवळजवळ अख्खा गिळतं; मांस पचतं, हाडं आणि केस पोटात गोळा होतात आणि तो गोळा ते तोंडावाटे टाकून देतं. हा गोळा पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवला की आतून कवट्या, जबडे, मांड्यांची हाडं निघतात. पुढे दोन लांब दात, मग मोकळी जागा, मग दाढा असा जबडा असेल तर तो उंदराचा. टोकदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्रीचा. सापळा न लावता, एकाही जिवाला हात न लावता, या काठावर कोणकोणते छोटे सस्तन प्राणी नांदतात ते घुबड आपल्याला सांगतं.

या गोळ्यांत इथं जर्बिलची हाडंही सापडतात. मोठ्या डोळ्यांचा, अंगाहून लांब झुपकेदार शेपटीचा हा उंदीर उड्या मारत पळतो. मे महिन्यात वाळूचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर तापतो, तेव्हा हा अनेक वाटांच्या खोल बिळात दिवस काढतो आणि रात्री बिया, मुळं, किडे खायला निघतो. पाण्याची त्याची गरज बरीचशी खाण्यातूनच भागते. खोकड, रानमांजर, घुबड आणि साप या सगळ्यांचं पोट बऱ्याच अंशी अशा उंदरांवर चालतं. पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे यांनी शृंगी घुबडावर केलेल्या कामातूनही हेच पुढे आलं की शेतीचं नुकसान करणारे उंदीर-घुशी हे त्याचं मोठं भक्ष्य आहे. तरीही घुबडाला अशुभ मानून त्याची अंडी फोडली जातात. हे थांबलं पाहिजे, आणि ते शेतकऱ्यानंच थांबवलं पाहिजे, कारण त्याच्या धान्याचा राखणदार तो मारतो आहे.

उघड्यावरची अंडी

पात्रात चालताना डोळे पायाशी ठेवावे लागतात. टिटवी, कंठेरी चिखल्या आणि रातवा तिथंच, उघड्या वाळू-गोट्यांत अंडी घालतात. वरच्या माळावर धाविकही तेच करतो. घरटं म्हणावं असं काही नसतं. टिटवी अंगानं जमिनीत उथळ खळगा करते, कडेनं खडे आणि शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या मांडते. अंडी बहुधा चार, निमुळती टोकं आत वळलेली. करड्या-मातकट रंगावर काळे डाग असल्यामुळे दोन पावलांवरूनही ती गोट्यांत हरवून जातात. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस दांडगा, हा आडाखा इथं अजून बोलला जातो. पात्राच्या मधोमध अंडी दिसली की म्हातारी माणसं गप्प होतात.

भर दुपारी टिटवी अंड्यांवर उभी असते, बसलेली नसते. ऊब देण्याची ती वेळ नव्हे, सावली देण्याची असते. मधूनच ती उठून डोहाकडे जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन ओल्या अंगानं अंड्यांवर बसते. एवढ्या तापात अंड्यातला जीव वाचतो तो या फेऱ्यांमुळे. म्हणजे पात्रात पाणी नसलं तरी चालतं, पण जवळपास एखादा ओला खळगा लागतोच.

कंठेरी चिखल्या टिटवीहून लहान, मुठीएवढा. गळ्यात काळा कंठा, डोळ्याभोवती पिवळं कडं. पिल्लांच्या जवळ गेलात तर तो एक पंख लोळवत, लंगडत तुमच्यासमोरून सरपटत जातो. कुत्रा किंवा मुंगूस जखमी शिकार समजून मागे लागतं; पुरेसं लांब नेलं की हा भुर्रकन उडून जातो. तेवढ्या वेळात पिल्लं वाळूला चिकटून निपचित पडलेली असतात. असं नाटक दिसलं की आपण घरट्याजवळ आलो आहोत असं समजावं आणि आल्या पावली मागे फिरावं. पुढचं प्रत्येक पाऊल अंड्यावर पडू शकतं.

डोह आणि झिरा

सकाळी ऊन अंगावर आल्यावर डोहापासून लांब बसून राहिलं की आकाशातून आवाज आधी येतो. मग पखुर्ड्यांचा थवा वेगानं येऊन पाण्यापासून जरा दूर उतरतो, चाचपतो, चालत काठाशी येतो. सगळ्या भराभर पाणी पितात आणि पुन्हा हवेत. सगळं मिनिटभरात आटोपतं. पखुर्डी केवळ कोरड्या बियांवर जगते, त्यामुळे तिला रोज पाणी लागतं आणि त्यासाठी ती मैलोगणती उडते. पिल्लांच्या दिवसांत नर पाण्यात पोट बुडवून थांबतो. त्याच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतील अशा बनावटीची असतात. तसाच भिजलेला तो माळावर परततो आणि पिल्लं त्याच्या पिसांतून पाणी चोखतात. मीड-वाल्डो या इंग्रज पक्षिपालकानं 1896 साली हे लिहिलं, तेव्हा अनेकांना खरं वाटलं नव्हतं. 1967 साली केड आणि मॅक्लीन यांनी आफ्रिकेतल्या पखुर्ड्यांची पिसं तपासून त्यावर शिक्कामोर्तब केलं.

डोहही आटला की झिऱ्यांवर भिस्त. वरची वाळू वाळली की खालच्या ओलीवर झाकण बसतं आणि बाष्पीभवन मंदावतं. म्हणून भर चैत्रात हात-दीड हात उकरलं की तळाशी पाणी पाझरू लागतं. त्या धनगर आजोबांनी टोपल्यानं वाळू उपसून झिरा केला, मेंढरांना पाजलं आणि तो न बुजवताच वाडा पुढे हलवला. अर्ध्या तासात होले उतरले. त्यांच्यामागून चिमण्या, मुनिया, चंडोल आले, आणि दुपारी एक मुंगूसही येऊन गेलं. दुसऱ्या सकाळी झिऱ्याच्या कडेला खोकडाचे ठसे होते. "बुजवत का न्हाई?" असं विचारल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, "जित्राबं पित्यात की."

वाळू, कुत्री आणि आवर्तन

झिऱ्याला पाणी असतं ते वाळू आहे तोवर. माणगंगेच्या पात्रात असे पट्टे आहेत, जिथं वाळू पार तळापर्यंत उचलली गेली आहे आणि खाली मुरूम किंवा चिकण माती उघडी पडली आहे. तिथं झिरा लागत नाही, टिटवीला खळगा करता येत नाही, आणि यंत्रानं पायथा पोखरलेली दरड पहिल्याच पुरात वेड्या राघूच्या बिळांसकट कोसळते. सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली, दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात, पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातल्या उपशालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. महाराष्ट्रानं 2023 साली सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासनं वाळू देण्याचं धोरण आणलं होतं. पण पात्रातला उपसा रात्री चालतो आणि रात्रीच तिथली सगळी वस्ती जागी असते. शेजारच्या विहिरींची पातळी घसरते तीही याच वाळूबरोबर. पाखरांचं आणि बागायतदाराचं हित इथं एकच आहे, हे गावसभेत ठासून सांगायला हवं.

दुसरा धोका मोकाट कुत्र्यांचा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर डॉ. अबी तमीम वनक यांनी खोकडांचा दीर्घ अभ्यास केला. कुत्री जवळ असली की खोकड भक्ष्य शोधायची जागा सोडतो आणि कुत्र्यांमधले जीवघेणे साथीचे रोग त्याच्यापर्यंत पोचतात, हे त्या कामातून दिसलं. पात्रात टाकलेली मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण ही कुत्र्यांना तिथं खेचून आणते. ही घाण टाकणं बंद करायला कुठल्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. टेंभूसारख्या उपसा योजनांमुळे कृष्णेचं पाणी या दुष्काळी मुलखात आलं आहे आणि उन्हाळ्यात ते माणगंगेच्या पात्रात सोडलं जातं. या पाण्यासाठी इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, मोर्चे काढले. ते येऊ नये असं मी कोणत्या तोंडानं म्हणावं? ते यावंच. बंधारे भरले की धोबी, तुतवार, कवड्या खंड्या परत येतात, हेही मी पाहिलं. पण चैत्र-वैशाखात कोरड्या पात्रात अचानक लोंढा आला की उघड्यावरची सगळी अंडी एका रात्रीत वाहून जातात. निसर्गात या दिवसांत पूर येत नाही. या पक्ष्यांची सगळी व्यवस्था त्या भरवशावर उभी आहे. पहिलं आवर्तन माघातच सोडलं तर पक्षी पाण्याची रेघ पाहून वरच्या अंगाला अंडी घालतील. उशिरा सोडायचं झालंच तर विसर्ग हळूहळू वाढवावा, म्हणजे चालू लागलेल्या पिल्लांना काठ गाठता येईल. पाणी कमी करण्याची मागणी यात नाही, वेळेची आहे.

पाटबंधारे खात्याचं आवर्तनाचं वेळापत्रक ठरतं, तेव्हा ऊस, डाळिंब, पिण्याचं पाणी यांचा हिशेब होतो. त्या बैठकीला जाणाऱ्या पाणीवापर संस्थांच्या सभासदांना माझी विनंती आहे: टिटवीच्या विणीचे महिने मार्च ते जून एवढी एक ओळ त्या हिशेबात घालून घ्या. आणि वाचकांपैकी ज्यांच्या गावाला अशी कोरडी नदी आहे, त्यांनी येत्या माघात एका पहाटे तिच्यात उतरून ठसे पाहावेत, दिसेल ते तारखेसह वहीत लिहून ठेवावं आणि ती वही ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीसाठी द्यावी. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं अशी नोंदवही ठेवण्याची तरतूद प्रत्येक गावासाठी केलेली आहे.